कीकॅड: वर्षभर वापरल्यावर, आणि शिळ्या कॉपरची तक्रार

शेतीपंपाची मोटर आपोआप चालू-बंद करणारे ऑटो बोर्ड बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या भावांसाठी लिहितोय. कीकॅड म्हणजे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर, ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून फीचरची यादी देत बसत नाही.

आधी पैसे भरून घेतलेल्या एका सॉफ्टवेअरवर काम चालायचं. लॅपटॉपची हार्डडिस्क गेली, नवी बसवली, तर परवाना चालेना. कस्टमर केअरचं एकच पालुपद, नवीन परवाना घ्या. ऐन ओलिताच्या दिवसांत त्याच वस्तूचे दुसऱ्यांदा पैसे? मी साफ नाही म्हटलं. ईगल हे असंच दुसरं सॉफ्टवेअर, पण त्याच्या फुकट आवृत्तीला ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा होती. थ्री फेजचे टर्मिनल, रिले, ट्रान्सफॉर्मर मांडले की माझा बोर्ड त्यात मावायचा नाही. कीकॅडला ना अशी मर्यादा, ना विकतचा परवाना. १९९२ साली झाँ-पिएर शारास यांनी सुरू केलेलं आणि २०१३ पासून युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने हातभार लावलेलं हे सॉफ्टवेअर मोर्शीकडच्या माझ्या दुकानात एक रुपया न भरता चालतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हात बसायला वेळ लागत नाही. माऊसचा बाण पॅडवर (भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यावर) न्या, एक्स दाबा, ट्रॅक (तांब्याची वाट) तिथूनच निघतो. वळण चुकलं तर बॅकस्पेस. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, बाजूच्या चित्रांकडे बघायचंच काम नाही. गर्दीच्या जागी भलतंच काही निवडलं जात असेल तर कोपऱ्यातल्या सिलेक्शन फिल्टरमध्ये नको त्याची खूण काढा. आणि व्ह्यू मेनूतलं फ्लिप बोर्ड व्ह्यू! माझे बरेच बोर्ड एकाच बाजूचे, सोल्डर खालून. दुरुस्तीला आलेला बोर्ड उलटा धरून रिलेची पिन शोधताना स्क्रीनवरही तीच बाजू समोर येते. ज्याने ही सोय केली त्याचे मनापासून आभार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्याकडे शेतीची लाईन कधी दिवसा, कधी रात्री. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, रातच्याला लाईन आली त मोटर चालू कराले वावरात कोन जाईन? आन् हिरीचं पानी सरलं की बंदबी झाली पायजे." म्हणजे झालेल्या बोर्डात आणखी एक रिले घाला, ट्रॅक सरकवा. एकीकडे फेजचे ४४० व्होल्ट, दुसरीकडे ५ व्होल्टचा कंट्रोलर. मधल्या अंतरासाठी नेट क्लासमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या नियमांत, ६ मिलिमीटर लिहून ठेवलेत. पण फेजचा ट्रॅक सरकवला तरी ग्राउंडचं कॉपर, म्हणजे रिकाम्या जागी भरलेलं तांबं, जिथल्या तिथेच. ट्रॅक त्याच्या अंगावरून गेलेला दिसतो, शॉर्ट झाल्यासारखा, आणि जिथून उठला तिथे रिकामी चर. बी दाबलं की कॉपर नव्याने भरतं, ६ मिलिमीटर मागे सरतं, तेव्हा कुठे खरं चित्र.

नुसतं दिसण्याचं असतं तर सोडून दिलं असतं. पण कॉपर मागे सरताना सेन्सरच्या ग्राउंडपर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी नाहीशी होते. ग्राउंड तुटल्याची बारीक रेघ तेव्हा उमटते, आणि तोवर आजूबाजूचे दहा ट्रॅक आखून झालेले असतात. सगळं उसवा. प्रत्येक पॅड, प्रत्येक ट्रॅकभोवतीची जागा कापून काढायची म्हणजे गणित मोठं आहे, हे मान्य. पण जुनं झालेलं कॉपर ताज्यासारखं का दाखवता? ते फिकट करा, त्यावर तिरप्या रेघा मारा. ४४० व्होल्टचा बोर्ड आखणाऱ्याला स्क्रीनवर विश्वास ठेवता आला पाहिजे.

इथवरचं मत सहाव्या आवृत्तीवरचं. आता आठवी टाकली आहे. तिच्या प्रेफरन्सेसमध्ये, एडिटिंगच्या पानावर, झोन (हे कॉपर भरायच्या जागा) आपोआप भरण्याची खूण आहे. ती केली आणि अर्धा राग तिथेच गेला. छोट्या बोर्डावर झकास चालतं. दोन्ही लेयरला ग्राउंड भरलेलं असलं की माझा जुना लॅपटॉप प्रत्येक हालचालीला अडखळतो, तरी खूण काढलेली नाही. डीआरसी, म्हणजे नियमांची तपासणी, चालवताना आधी झोन भरून घ्यायची सोय आहे, गर्बर, म्हणजे कारखान्याला द्यायच्या फाइली, काढतानाही भराई तपासून घेता येते. म्हणजे कारखान्यात चुकीची फाइल जाऊ नये याची काळजी त्यांनी घेतली आहे. माझं भांडण आखतानाच्या वेळेपुरतं आहे, आणि फिकट कॉपरची मागणी मी गिटलॅब या साइटवरच्या त्यांच्या पानावर टाकणार आहे.

टचपॅडवर काम करू नका, साधा चाकवाला माऊस घ्या. जुन्या आवृत्तीवर असाल तर बदला, पण आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा: जुनी फाइल नव्यात उघडते, नव्यात सेव्ह केलेली जुन्यात उघडत नाही.