दीड महिन्याची लस: उपकेंद्रात की खासगी दवाखान्यात?

देशपातळीवर बाळाच्या लसींची कायद्याने सक्ती नाही, म्हणून हा निर्णय घरातच होतो. सातारा असो की जत, दीड महिन्यापासूनच्या या लसीचे पहिले तीन डोस उपकेंद्रात आणि खासगीतही ६, १०, १४ आठवड्यांनाच.

खर्चाचं उघड आहे: उपकेंद्रात फुकट, खासगीत ‘न दुखणाऱ्या’ लसीचा एकेक डोस काही हजारांचा.

खरा फरक तापात. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये (पाच आजारांवरची एकत्र लस) डांग्या खोकल्याचे अख्खे मृत जंतू असतात. ताप आणि मांडीची सूज जास्त. ‘न दुखणारी’त जंतूंचे निवडक अंश असतात. त्रास कमी, पण संरक्षण लवकर ओसरतं. (हे जाहिरातीत कुठं असतं!)

साठवण २ ते ८ अंशांत हवी. उपकेंद्रात कुपीवरचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे ना, बघा; उष्णता लागली की तो गडद होत जातो. खासगीत वीज गेल्यावर फ्रिजचं काय करता, ते विचारा.

गोवर-रुबेलाची अनेक डोसांची कुपी कालवल्यावर ४ तासांत संपवावी लागते, म्हणून उपकेंद्राचे वार ठरलेले. सुट्टीच मिळत नसेल तर खासगी सोयीचं.

बाकीच्यांनी मूळ लसी उपकेंद्रात घ्याव्यात आणि वाचलेल्या पैशांत टायफॉइड, कांजिण्यांची लस खासगीत. कार्ड मात्र एकच ठेवा.