जळगावात माझ्या मापाने जुळवलेली एअर रायफल आणि तिची पीप साइट: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

रायफल वॉल्थर एलजी ४००. सेकंडहँड घेतलेली, ४.५ मिमीची, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, दहा मीटरच्या स्पर्धेची. नळी, ॲक्शन (छरा भरून डागणारी यंत्रणा) आणि ट्रिगर जसेच्या तसे ठेवले. कुंद्याचे भाग, पुढची साइट (नळीच्या टोकाची रिंग), मागची साइट (डोळ्याजवळचं नेम धरायचं भोक) आणि वजनं मात्र एकेक करून स्वतःच्या मापाने बदलत गेले. आता कडक उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तिच्यावर काढून झाले आहेत, त्यामुळे चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील.

आधी कायद्याचं, कारण आमच्याकडे पहिला प्रश्न तोच येतो. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी असल्याने बंदुकीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर लष्करी हत्यार येतं. शेजारच्या आजींनी केस उघडलेली पाहून विचारलंच, "हाई काय शे व माय?" परदेशी व्हिडिओ बघून सेमी-ऑटोमॅटिक रायफल सुट्या भागांतून जुळवण्याची स्वप्नं बघणारी पोरंही भेटतात. त्यांना सरळ सांगते: १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे. तो नाद सोडा. एअर रायफलचं वेगळं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी आणि २० जूलच्या (जूल म्हणजे छऱ्याची ताकद मोजायचं एकक) आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या पुष्कळ खाली, साडेसात जूलच्या आसपास असते. एका वेळी एकच छरा, तोही दर वेळी हाताने भरायचा. सुट्या भागांतून जुळवण्याची सगळी हौस इथे भागते, आणि उघडपणे भागते.

मी पाच फूट दोन इंच. रायफल ज्याच्याकडून घेतली तो सहा फुटी. आहे तशी खांद्याला लावली की मान पुढे झुकायची आणि डोळा साइटच्या भोकाच्या खाली राहायचा. उभ्याने मारताना डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलचं वजन त्या हाडावरून खाली पायात उतरतं. हात आखूड असेल तर तळहात आणि रायफल यांच्यात अंतर पडतं. ते भरून काढायला पुढच्या भागाखाली ठोकळा लागतो, त्याला आम्ही रायझर म्हणतो. तयार रायझर महाग होता. एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणारे एक लेथवाले दादा आहेत, त्यांना पुठ्ठ्याचा नमुना नेऊन दिला. त्यांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा कापून दिला, कडा गोल केल्या आणि तळहात जिथे टेकतो तिथे हलका खोलगट भाग काढून दिला. मुठीत धरून मला तीन वेळा विचारलं, "इथं टोचतं का?" त्या एका ठोकळ्याने जो फरक पडला तो पुढच्या कुठल्याच खर्चाने पडला नाही.

गालाची पट्टी, म्हणजे कुंद्यावर गाल टेकतो तो भाग, बसवायची माझी रीत अशी: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, डोक्याचं ओझं गालावर सोडून द्यायचं, दोन श्वास घ्यायचे आणि मग डोळा उघडायचा. भोकाच्या बरोबर मधोमध पुढची रिंग दिसली पाहिजे. मान थोडीही ताणावी लागली तर पट्टी चुकीच्या जागी आहे. हे जमेपर्यंत साइटला हात लावण्यात अर्थ नाही, कारण डोळाच रोज वेगळ्या जागी येत असेल तर साइट काय सांगणार? वजनं लावताना एवढंच बघा की साइटसकट सगळी रायफल ५.५ किलोच्या आत राहते आहे.

आता साइट. शाळा-कॉलेजच्या स्पर्धेतून आलेले बहुतेक जण ओपन, म्हणजे उघड्या खाचेच्या साइटवरून पीपवर, म्हणजे भोकाच्या साइटवर येतात, आणि पहिले काही आठवडे पीप म्हणजे जादू वाटते. एवढंसं भोक, पलीकडे नळीच्या टोकाला एक रिंग आणि त्या रिंगेत टार्गेटचा काळा गोल. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ. डोळा आपोआप मध्य शोधतो. खरं काम मात्र इथून सुरू होतं, कारण रिंग किती मोठी घ्यायची आणि भोक किती बारीक ठेवायचं हे कॅटलॉग सांगू शकत नाही.

रिंगेचा हिशेब मी कागदावर मांडला. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी व्यासाचा, अंतर दहा मीटर. माझ्या डोळ्यापासून पुढची साइट साधारण ९० सेंटीमीटरवर. म्हणजे तो काळा गोल रिंगेच्या जागी जेमतेम पावणेतीन मिमीचा भासतो. ३ मिमीची रिंग घातली तर काळ्याभोवती पांढरं उरतं प्रत्येक बाजूला अष्टमांश मिमी. ४ मिमीची घातली तर सहा दशांशाहून थोडं जास्त. वाटतं की जितकं पांढरं कमी तितका नेम काटेकोर. मी ३.४ पासून सुरुवात करून वर वर गेले. लहान रिंगेत काळा गोल कडेला शिवतो की काय या धाकाने डोळा अडकून पडतो, श्वास लांबतो, ट्रिगर दाबायचं राहून जातं, आणि आठ-दहा सेकंदांपलीकडे धरलेला शॉट बिघडतोच. ४.० वर आल्यावर गोल रिंगेत मोकळा तरंगतो. हलतो तर हलू दे, मध्य ओळखणं डोळ्याला जमतं. छऱ्यांच्या भोकांचे गटही त्याच रिंगेवर सगळ्यांत लहान झाले. पुढे नळीवर एक्स्टेन्शन ट्यूब (लांबी वाढवणारी नळी) लावणार असाल तर हा हिशेब पुन्हा करा. साइट डोळ्यापासून लांब गेली की काळा गोल तिथे मोठा भासतो आणि जुनी रिंग अपुरी पडते.

मागच्या साइटला मूळचं ठरावीक मापाचं भोक होतं. ते काढून फिरवून लहानमोठं होणारं आयरिस बसवलं. रायफलखालोखाल सगळ्यांत जास्त पैसे यात गेले, आणि ते वसूल झाले. भोक बारीक केलं की रिंग आणि टार्गेट दोन्ही रेखीव दिसतात, पण अंधारतं. मोठं केलं की उजेड येतो आणि कडा विरघळतात. माझं बस्तान १.१ मिमीच्या आसपास बसलं आहे. पावसाळी संध्याकाळी थोडं उघडते, १.३ पर्यंत. नजर मात्र कायम रिंगेवर ठेवायची. टार्गेट किंचित धूसर दिसलं तरी चालतं, रिंग धूसर झाली तर चालत नाही.

चाळिशीनंतर हा सगळा मामला आणखी नाजूक होतो. माझा रोजचा प्रोग्रेसिव्ह चष्मा इथे निरुपयोगी, कारण डोकं जरा हललं की नंबर बदलतो. नेमबाजीसाठी एका काचेची वेगळी फ्रेम केली. डॉक्टरांना समजावून लांबच्या नंबरात अधिक ०.५० घालून घेतलं. कारण साधं आहे: रिंग एका मीटरच्या आत-बाहेर, टार्गेट दहा मीटरवर, आणि या दोहोंमध्ये नजर कुठेतरी स्थिरावायला हवी. उरलेलं काम बारीक भोक करतं. डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावते. तो डोळा मिटला की उजव्यावरही ताण येतो, म्हणून झाकायचा, मिटायचा नाही. ही पट्टी स्पर्धेत ३० मिमीहून रुंद चालत नाही.

रंगीत फिल्टर घेऊन पाहिले. पिवळा पावसाळी दिवसांत बरा वाटला, पण रोजच्या सरावात लावत नाही. चकाकी कमी करणाऱ्या पोलरायझरचा माझ्या जागेत काहीच उपयोग झाला नाही.

जागा म्हणजे ओळखीच्यांच्या जुन्या जिनिंगचं रिकामं गोदाम. कापसाचा हंगाम सोडून वापरायला मिळतं. मागे लोखंडी पेटी, तिच्यामागे भिंत, दार आतून बंद, आणि रायफल खाली ठेवली की नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. यात तडजोड नाही, समोर कोणी असो वा नसो. अडचण होती उजेडाची. पश्चिमेच्या झरोक्यातून दुपारनंतर उन्हाची तिरीप पुढच्या साइटवर पडायची. रिंगेची एक कड चकाकायची, डोळा तिला फसायचा आणि छरे हळूहळू एका बाजूला सरकायचे. साइटचे क्लिक (नॉब फिरवताना येणारे टप्पे) फिरवून हा दोष निघत नाही, कारण ऊन सरकलं की चूक दुसरीकडे जाते. झरोक्याला गोणपाट लावलं, टार्गेटवर लखलखाट न करणारे दोन एलईडी दिवे लावले आणि प्रश्न मिटला. अधिकृत रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड लागतो. मोबाइलमधल्या ॲपवर मोजून मी त्याच्या जवळपास आणलं आहे. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर गेलं तर डोळ्याला परकं वाटू नये एवढाच हेतू.

क्लिकबद्दल थोडं. माझ्या साइटचा एक क्लिक छरा साधारण पाव मिमी हलवतो, म्हणजे गुणात एका दशांशाइतका. दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिमीचा असतो हे लक्षात घेतलं तर ही बारकाई चैन वाटत नाही. जर्मन साइटवरची अक्षरं नव्या माणसाला गोंधळात टाकतात: छरा वर लागला तर 'एच'च्या दिशेने फिरवायचं, मग तो खाली येतो. प्रवासानंतर तर साइट तपासल्याशिवाय गुणाचा शॉट मारूच नये. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सराव शॉटला आपली साइट हललेली सापडल्याचं अभिनव बिंद्राने पुढे सांगितलं होतं, आणि त्यातून सावरून त्याने सुवर्ण नेलं. महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर केस हलत पुण्याला गेली की माझी रायफलही एक-दोन क्लिक इकडेतिकडे झालेली असते.

उन्हाळ्याचा अनुभव खानदेशाबाहेरच्यांना पटणार नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला भिडतो. सिलिंडरचा दाब २०० बारपर्यंत. पंचवीस अंशांना पूर्ण भरलेलं सिलिंडर पंचेचाळीस अंशांना २१३ बारच्या घरात जातं, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून पुढे. म्हणून एप्रिल ते जून मी १८० च्या वर भरत नाही आणि सिलिंडर गाडीत ठेवत नाही. आत रेग्युलेटर असल्याने छऱ्याच्या वेगात फरक पडत नाही, फक्त शॉट कमी मिळतात. भरायला तीन टप्प्यांचा हातपंप आहे. दमवतो, पण मधे थांबून तो गार होऊ दिला की टिकतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी काढणारा फिल्टर लावायलाच हवा. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घ्या असा सल्ला मला दोन जणांनी दिला. तो जिवावर बेतणारा आहे. दाबातला ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आला की स्फोट होतो. फक्त हवा भरायची.

जाड कॅनव्हासचं जाकीट मे महिन्यात दुपारी अंगावर घालवत नाही, म्हणून सराव पहाटे. घाम भुवईवरून काचेवर येतो, त्याला कपाळाची पट्टी बांधते.

छऱ्यांवर फार लिहीत नाही. ४.४९ आणि ४.५० मापांचे दोन-तीन डबे आणून रायफल पकडीत आवळून मारून पाहा. जो डबा सगळ्यांत लहान भोक पाडेल, तोच बॅच मिळेल तितका घेऊन ठेवा. शिसं असतं, सराव झाला की जेवणाआधी हात साबणाने धुवायचे.

साठ शॉटच्या मालिकेत आता दशांश गुणांत ६०० नियमित ओलांडते. आधी उधारीच्या रायफलवर हे जमत नव्हतं. तक्रार म्हणावी तर एकच: गोदामातली कापसाची बारीक धूळ आयरिसच्या पात्यांत शिरते आणि ते अडखळत फिरतं. दर आठवड्याला मऊ ब्रशने झाडते, तेल अजिबात लावत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी स्पर्धेची जुनी रायफल बघायला जाणार असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. बनल्यापासून दहा वर्षांनी ते स्पर्धेत चालत नाही आणि नवं स्वस्त नसतं. त्यानंतर मागच्या साइटचे दोन्ही नॉब पूर्ण फिरवून परत आणा. क्लिक मोजून परत त्याच जागी छरा लागला, तर बाकीचं सगळं आपल्या मापाने करून घेता येतं.