संमती की लाभ? नको असलेल्या सरकारचा हक्क कशावर टिकतो

बेळगावजवळच्या खानापूरचा भाचा वादविवाद स्पर्धेची तयारी करतोय. “मामा, ज्याला हे सरकारच नको, त्याच्यावरही त्या सरकारची सत्ता न्याय्य ठरवायची. संमतीचा मुद्दा (लोकांनी मान्य केलं म्हणून) घेऊ की लाभाचा (लोक राज्याचा फायदा घेतात म्हणून)?” मी दोनच कसोट्या लावल्या: नाखूश माणसाला तो लागू पडतो का, आणि सत्तेला कुठे थांबवतो.

संमती ऐकायला भारदस्त. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो, राज्याच्या रस्त्यावरून चाललात तरी मूक संमती झालीच. पण 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेलं, तेव्हा आमच्या आजोबांना कोण विचारायला आलं होतं? घरदार, शेत सोडून गेले नाहीत, ही काय संमती? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1748 मध्येच हे खोडलं: झोपेत जहाजावर आणलेला माणूस समुद्रात उडी टाकत नाही, म्हणून त्यानं कप्तान मानला असं होत नाही. पहिल्या कसोटीवर संमती नापास. दुसरीवर मात्र पक्की, नाही म्हटलं की सत्ता थांबलीच.

लाभाचं उलट. राकसकोप धरणाचं पाणी नळाला येतं, पाणीपट्टी सगळे भरतात, मग तूही भर. नाखूश माणसालाही हे पटतं. (न मागितलेल्या वस्तूचं बिल, असं कुणी म्हणेलच.) पण दुसरीवर नापास: कन्नड न वाचता येणाऱ्या आजीच्या हातात जमिनीचा कन्नड उतारा का, याचं उत्तर त्यात नाही.

कर, सिग्नल, पाणी यांसाठी लाभ घे. राज्य कुणाचं, कागद कुठल्या भाषेत, हे आलं की संमतीच धर. परीक्षक कोण आहेत तेही बघून घे बाबा.