ट्रॉमा-केंद्रित सीबीटी: फॉस्टर घरातल्या किशोरासाठी घ्यावी का?

फॉस्टर घरात (जन्मदात्यांऐवजी तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबात) आलेल्या १४-१५ वर्षांच्या मुलाला 'थेरपी लावा' असं सगळेच सांगतात. कुठली, हे क्वचितच कुणी सांगतं. आठवड्यातून एकदा 'कसं चाललंय?' विचारून पाऊण तास गप्पा मारणं हीसुद्धा थेरपीच म्हणवली जाते, आणि ती वर्षभर चालूनही रात्रीचं दचकून उठणं तसंच राहतं.

इथे परीक्षण आहे ते ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी बांधलेल्या ट्रॉमा-केंद्रित सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करत आघाताच्या खुणा हलक्या करणाऱ्या थेरपीचं. ३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी, आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ सत्रं, प्रत्येक सत्र ६० ते ९० मिनिटांचं. निम्मा वेळ मुलाबरोबर, निम्मा सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर. मत आधीच सांगून टाकतो: ५ पैकी ४ तारे. पाचवा राबवणाऱ्यांनी घालवला.

पहिली गोष्ट, सत्रांच्या आकड्याला भुलू नका. १२-१६ हा हिशोब एखाद-दुसरा प्रसंग सोसलेल्या मुलाला बसतो. वर्षानुवर्षं घरच्याच माणसाकडून मार खाल्लेलं आणि वर तीन-चार घरं बदललेलं मूल त्यात मावत नाही. त्यांच्यासाठी हीच पद्धत लांबवतात, २५ सत्रांपर्यंत, आणि त्यातला जवळपास अर्धा वेळ सुरक्षितता आणि स्थिरता यांवर जातो. एरवी स्थिरता, आघाताचं कथन (काय घडलं ते मुलाने स्वतः मांडणं) आणि समारोप यांना प्रत्येकी साधारण एक-तृतीयांश वेळ मिळतो. थेरपिस्टला पहिल्या भेटीतच विचारावं की आमच्या मुलासाठी वाटणी कशी करणार. उत्तर 'बघू हळूहळू' असेल तर दुसरा शोधावा.

सुरुवात मोजमापाने व्हायला हवी. लक्षणांची प्रश्नावली मुलाकडून आणि पालकाकडून वेगवेगळी भरून घेतात आणि मधेमधे पुन्हा घेतात. दोघांची उत्तरं जुळत नाहीत, आणि खरी माहिती त्या तफावतीतच असते. पालकाला दिसतो राग. मुलाने लिहिलेली असतात रोजची भयस्वप्नं. ही पायरी गाळली की सतत दाराकडे लक्ष ठेवून बसणारं मूल 'एकाग्रता नाही' या शिक्क्याखाली जातं आणि उपचार भलत्याच गोष्टीवर सुरू होतात.

शिथिलीकरणाचा भाग सोपा वाटतो, आणि तिथेच जास्त चुका होतात. 'डोळे मिटून आडवं हो' ही सूचना लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाला थेट त्या खोलीत नेऊन ठेवू शकते. डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले, खुर्ची दार दिसेल अशी. कुठे बसायचं ते मुलाने ठरवायचं. श्वास ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरायला होतं. त्यांना स्नायूंचा व्यायाम द्यावा: मूठ ५ ते ७ सेकंद आवळायची, १५-२० सेकंद सैल सोडायची, मग खांदे, मग पोटऱ्या. बधीर होऊन हरवणाऱ्या मुलाला हे दोन्ही उपयोगी पडत नाहीत. त्याला दिसणाऱ्या ५ वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास आणि १ चव सांगायला लावून खोलीत परत आणावं लागतं. सराव दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं आणि मन शांत असताना. मूल दारं आपटत असताना 'आता श्वास घे बरं' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहणं शिकवणं; त्या दिवसापासून मूल त्या व्यायामाचा तिरस्कार करतं.

सौम्य दिसणारी आणखी एक चूक. 'ते जे झालं ते', 'ती वाईट गोष्ट' असं आडून बोलणारा थेरपिस्ट नकळत शिकवतो की हा विषय मोठ्यांनाही पेलवत नाही. मार, लैंगिक अत्याचार, उपासमार हे शब्द पहिल्या काही सत्रांतच साध्या आवाजात उच्चारले जायला हवेत. कथन पुढे येतं, पण त्याची सवय इथूनच लागते.

कथन हा या सेवेचा गाभा. मूल प्रकरणांची यादी करतं, आधी एखादं निरुपद्रवी प्रकरण (मला काय आवडतं, मी कोण), मग एकेक कठीण प्रसंग. प्रत्येक वेळी आधीचं वाचायचं आणि ० ते १० मध्ये त्रास किती वाटतो ते सांगायचं. आकडा ८-९ वरून खाली आला की पुढचं पान. आकडा तिथेच अडला तर बहुधा एखादा तुकडा वगळलेला असतो, नाहीतर एखादा विचार रुतून बसलेला असतो. किशोरांना वही-पेन दिलं की शाळा आठवते. कॉमिक, रॅप, स्लाइड, व्हॉइस नोट, काहीही चालतं.

फॉस्टर मुलांच्या बाबतीत प्रसंगांपेक्षा काळरेषा जास्त कामी येते. कोणत्या वयात कुठल्या घरात, तिथून का हलवलं, सोबत काय सामान होतं. बहुतेकदा या सगळ्यातून एकच सूत्र धावताना दिसतं: 'मी नकोसा आहे, हेही लोक मला परत पाठवतील.' थेरपिस्टने हे सूत्र न पकडता फक्त मारहाणीचे प्रसंग लिहून घेतले तर लक्षणं कमी होतात, पण मूल चौथं घरही मोडून बघतं.

मग दोषाचं गणित येतं. एक वर्तुळ काढतात. मारणारा, बघून गप्प राहिलेला, तक्रार ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारा मोठा माणूस, यांचे वाटे आधी कापायचे, मुलाचा शेवटी. क्रम उलटा केला की मूल पहिल्याच रेघेत अर्धं वर्तुळ स्वतःच्या नावावर करून मोकळं होतं. 'चुकी तुझी नाहीच' असं शंभरदा सांगून जे होत नाही ते इथे होतं, कारण वाटे मुलाने स्वतः कापलेले असतात.

कथनाच्या आठवड्यांत झोप बिघडू शकते आणि चिडचिड काही दिवस वाढू शकते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पालक घाबरून सत्रं बंद करतात, तेही नेमकी जखम उघडी असताना. ही सत्रं परीक्षेच्या किंवा जन्मदात्यांच्या भेटीच्या आदल्या दिवशी ठेवू नयेत. शेवटची दहा मिनिटं पत्ते, गाणी, काहीतरी साधं. कथनाची प्रत थेरपिस्टकडेच राहावी. दप्तरात गेलेला कागद भलत्याच्या हाती पडतो. आत्महत्येचा धोका चालू आहे, अत्याचार करणारा अजून संपर्कात आहे किंवा पुढच्या आठवड्यात घर बदलायचं आहे, तर कथन सुरूच करू नये. खटला चालू असेल तर वकिलांना विचारून. थेरपीतलं कथन हा जबाब नव्हे आणि तो तसा वापरायलाही जाऊ नये.

आता पालकांचा अर्धा तास. बरीच केंद्रं तो 'काय म्हणतोय आठवडा?' यात उडवतात, आणि पाचवा तारा इथेच गेला. या वेळात शिकवायचं असतं वर्तनाचं विश्लेषण: आधी काय घडलं, मग मुलाने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. उशीखाली पोळ्या लपवणारं मूल चोर नसतं; उपाशी राहिलेल्या शरीराचा तो हिशोब असतो. कपाटाला कुलूप लावलं की लपवणं वाढतं. खोलीत सुक्या खाऊचा डबा ठेवायचा, तो रिकामा झाला की न बोलता भरायचा. शिक्षा म्हणून जेवण तोडणं, खोलीत कोंडणं, अबोला धरणं ही तिन्ही जुन्या घरातली हत्यारं आहेत, त्यांना हात लावायचा नाही. आणि कौतुक नेमकं हवं: 'शहाणा आहेस' ऐकून हे मूल संशय घेतं, 'आज दार न आपटता बाहेर गेलास' हे त्याला खरं वाटतं.

मुलाच्या संमतीने थेरपिस्ट कथन आधी पालकाला एकट्याला ऐकवतो, एकदा नव्हे, पालक न ढासळता ऐकू शकेपर्यंत. त्यानंतरच संयुक्त सत्र. घाईने दोघांना एकत्र बसवलं आणि पालक हुंदके देऊ लागले की मूल त्यांना सावरायला लागतं आणि स्वतःचं पुन्हा मिटून घेतं. अत्याचार करणारा पालक या सत्रांत नसतो, यात तडजोड नाही. सांभाळणारं कुणीच स्थिर नसेल तर किशोराला एकट्यालाही ही थेरपी देता येते. मात्र सत्रात शिकलेलं घरी धरून ठेवणारं कुणी राहत नाही.

गुप्ततेचा करार पहिल्याच दिवशी तोंडी आणि लेखी असावा: जिवाला धोका आणि नव्याने अत्याचार या दोन गोष्टी सांगाव्याच लागतील, बाकीचं मुलाला विचारून. या मुलांबद्दल फाइलीत आधीच इतक्या लोकांनी लिहिलेलं असतं की हे स्पष्ट नसेल तर ती हवामानाखेरीज कशावरही बोलत नाहीत. ऑनलाइन सत्राचा पर्याय वाईट नाही, पण हेडफोन, बंद दार आणि कुणी खोलीत आलं तर वापरायचा एक ठरलेला शब्द, एवढं नसेल तर नको.

पर्यायांबद्दल थोडक्यात. कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) ट्रॉमा-केंद्रित सीबीटी आधी आहे. ईएमडीआरचा (डोळ्यांच्या हालचाली करवत आघाताच्या आठवणी हाताळणाऱ्या थेरपीचा) विचार ७ ते १७ वयोगटात तिचा उपयोग न झाल्यास. १८ वर्षांखालच्यांना पीटीएसडीसाठी औषधं देऊ नयेत असंही तिथे म्हटलेलं आहे. मुलाला दाबून धरून 'जिव्हाळा निर्माण करणाऱ्या' थेरपीच्या मात्र वाऱ्यालाही उभं राहू नये. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०००मध्ये 'पुनर्जन्म' नावाच्या अशा प्रयोगात एका १० वर्षांच्या मुलीचा गुदमरून जीव गेला. पुढच्या वर्षी तिथे त्यावर बंदी आली.

थेरपिस्ट निवडताना प्रमाणपत्राइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा: आजवर किती मुलांचं कथन पूर्ण केलंत? सहा-सहा महिने चित्रं रंगवत पहिल्याच टप्प्यात रेंगाळणारे पुष्कळ आहेत. मूल टाळतं म्हणून तेही टाळतात, आणि त्याला 'मुलाच्या गतीने जाणं' असं गोंडस नाव देतात.

शेवटही ठरवून करावा लागतो. या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता जातात, म्हणून उरलेल्या सत्रांचा आकडा निदान शेवटचे पाच-सहा आठवडे तरी दर वेळी बोलून दाखवायचा. आणि मधेच घर बदललं तर नव्या पालकांच्या हाती एक पान पडायला हवं: किती सत्रं झाली, कथन कुठवर आलं, कुठला व्यायाम चालतो, कुठला अजिबात चालत नाही, आणि खाऊचा डबा कुठे ठेवायचा.