जुन्या लॅपटॉपसाठी क्रूशियल बीएक्स५००: कुणी बसवावी, कुणी थांबावं

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, आत ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी) हार्ड डिस्क, आणि टॅली उघडेपर्यंत समोरचं गिऱ्हाईक कंटाळून जातं. अशा यंत्रासाठी क्रूशियलची बीएक्स५०० ही अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) अजूनही चांगली खरेदी आहे. घ्यायची तर ४८० किंवा ५०० जीबीची घ्या. २४० जीबीत विंडोज, अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फाइल्स यातच निम्मी जागा जाते, आणि एसएसडी काठोकाठ भरली की तीही मंदावते.

पण आधी दुखणं डिस्कचंच आहे का ते बघा. लॅपटॉप सुरू करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये पाच-दहा मिनिटं नजर ठेवा. डिस्क सतत १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र १०-२० टक्क्यांवर असेल, तर एसएसडीनं फरक पडणारच. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रॅम वाढवा. ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रात बहुतेक वेळा दोन्ही करावं लागतं. रॅम घेताना जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. डीडीआर३एल आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला ५४० एमबी लिहिलेला असतो. रोजच्या कामात जाणवतो तो फरक या आकड्याचा नाही. ५४०० आरपीएमच्या डिस्कला अर्धी फेरी व्हायलाच साडेपाच मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकायला दहा-बारा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे ती सेकंदाला जेमतेम ६०-७० उचलते. विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो तुकडे वाचले जातात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यानं ही वाट बघणं संपतं. म्हणून साटा-२ च्या (डिस्क जोडायच्या जुन्या, संथ पद्धतीच्या) लॅपटॉपवर, जिथे वेग ३०० एमबीच्या आतच अडकतो, तिथेही ती बसवण्यात अर्थ आहे.

आता तिच्या मर्यादा. बीएक्स५०० मध्ये डीरॅम (डेटा कुठे ठेवलाय याची नोंद सांभाळणारी वेगवान मेमरी) नाही. मोठी फाइल लिहिताना सुरुवातीचा वेग झकास असतो, पण आतला वेगवान राखीव भाग भरला की तो एकदम कोसळतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग यात हे कधी कळणारही नाही. लग्नाच्या शूटिंगच्या ६०-७० जीबीच्या फाइल्स रोज ओतणाऱ्या स्टुडिओला मात्र लगेच कळेल. त्यांनी डीरॅम असलेली ड्राइव्ह बघावी. क्रूशियलच्याच एमएक्स५०० ला पाच वर्षांची वॉरंटी आणि ५०० जीबीला १८० टीबी लेखनाची हमी आहे. बीएक्स५०० ला तीन वर्षं आणि १२० टीबी. १२० हा आकडा घरच्या वापराला कमी नाही. रोज २० जीबी लिहिले तरी तो संपायला सोळा वर्षं लागतील. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये मात्र ही ड्राइव्ह बसवू नका. तिथे चोवीस तास लेखन चालतं, ते हिचं काम नव्हे.

सोलापुरात एसएसडी घ्यायला आणखी एक सबळ कारण आहे. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत हिशेबाचा लॅपटॉप बऱ्याचदा मागांच्या शेजारच्याच खोलीत असतो. मागांची थरथर टेबलापर्यंत पोचते, हार्ड डिस्कचं हेड जागेवरून हलतं, तोच भाग पुन्हा वाचावा लागतो. एसएसडीला या थरथरीचा काही फरक पडत नाही. मात्र सुताच्या तंतूंवर तिच्याकडे इलाज नाही. पंखा आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या यांच्या मध्ये हे तंतू नमद्यासारखे घट्ट बसतात, हवा बाहेर पडत नाही आणि गरम झालेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा तर हमखास. नवी एसएसडी बसवूनही दुपारी लॅपटॉप रखडत असेल तर कारण बहुधा हेच. झाकण उघडलंच आहे तर पंखा बोटानं धरून ब्लोअर मारून घ्या. न धरता मारला तर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं.

आणखी एक गोष्ट विजेची. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट अ‍ॅडॉप्टरवर चालवायची सवय खूप जणांना आहे. लेखन चालू असताना वीज गेली की फाइल्स बिघडतात, क्वचित ड्राइव्ह ओळखलीच जात नाही. एसएसडीवर खर्च करताय तर बॅटरीही बदला, निदान यूपीएसवर तरी चालवा.

बसवणं अवघड नाही. यंत्र पूर्ण बंद करा, अ‍ॅडॉप्टर काढा, झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीची आतली पिन सोडवा. डिस्कची पातळ पट्टीसारखी केबल ओढू नका, तिची कनेक्टरची बाजू धरून काढा. ही फाटली तर त्या मॉडेलची मिळवताना दमछाक होते. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची असेल तर ७ मिमीची एसएसडी ढिली बसते. चौकट स्क्रूनं आवळली जात असेल तर काही अडत नाही, नाहीतर प्लास्टिकचा स्पेसर लावा.

डेटा हलवताना घाई महागात पडते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'कॉशन' दिसलं, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) असले, तर क्लोन करू नका, म्हणजे डिस्क जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर उतरवू नका. तो मध्येच अडकतो आणि आजारी डिस्कला आणखी ताण पडतो. आधी कामाच्या फाइल्स बाहेर काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्यानं टाका. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे फक्त डिस्क बदलल्यानं तो जात नाही. डिस्क धडधाकट असेल तर यूएसबी-साटा केबल आणि क्रूशियलचं मोफत अ‍ॅक्रोनिस हे सॉफ्टवेअर वापरून क्लोन होतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर तो आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. क्लोननंतर निळा पडदा आला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड बदलला गेलाय का ते पाहा, तो पूर्वीचाच असायला हवा.

थांबावं कुणी? विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत आणि त्यासाठी नोंदणी करावी लागते. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि निदान आठव्या पिढीचा इंटेल (किंवा त्या तोडीचा एएमडी) प्रोसेसर नसेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची कामं होत असतील तर मी त्यात पैसे घालणार नाही. पोरांचा अभ्यास, यूट्यूब, टायपिंग एवढ्यासाठी हवं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. एसएसडीवर ती सुरेख चालते.

खरेदीबद्दल एक महत्त्वाचं. क्रूशियलची मूळ कंपनी मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील असं कंपनी सांगते. तेव्हा सोलापूरच्या नवी पेठेत घ्या की ऑनलाइन, पाकीट सीलबंद हवं आणि पक्क्या बिलावर ड्राइव्हचा सिरीयल नंबर लिहून घ्या. ड्राइव्हवरचं लेबल सोलू नका. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आतला डेटा नाही.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर तशीच ठेवा, टॅलीचा डेटा, फोटो, सहीचं डिजिटल प्रमाणपत्र सगळं नव्या ड्राइव्हवर उघडतंय याची खात्री करा, आणि मगच ती यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा.