पिवळ्या पाटीची पॅथॉलॉजी लॅब: गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायचा असेल तर

पाचपैकी चार तारे. पाचवा काउंटरवरच्या पोरानं घालवला, ते पुढे सांगते. रक्त-लघवीसाठी आमच्या तालुक्याला भरपूर जागा आहेत आणि सगळ्या जवळपास सारख्याच. बसस्टँडमागची ही पिवळ्या पाटीची लॅब वेगळी आहे ती बायप्सीत, म्हणजे काढलेला तुकडा तपासण्यात, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहिते.

काम जाऊबाईंचं होतं. वय ४६, अंगावरून पांढरं जायची तक्रार जुनी. आरोग्य केंद्रातल्या शिबिरात पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघतात, त्यात पांढरा डाग उमटला. मग दुर्बिणीतून तपासणी झाली आणि डागाच्या जागेचा तुकडा काढला. ज्या दवाखान्यात काढला तिथं तो साध्या सलाइनमध्ये टाकून बाटली आमच्या हातात ठेवली, म्हणे लॅबवर नेऊन द्या.

लॅबमधल्या टेक्निशियन बाईंनी बाटली उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "किती वाजता काढला? सलाइनमध्येच हाय का तवापासून?" पैशाचं बोलणं त्यानंतर. तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे चिमट्यानं उचलून त्यांनी रुंद तोंडाच्या बाटलीत टाकले, वरून १० टक्क्यांचं फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रावण), तुकड्याच्या दहापट तरी. लेबलवर नाव, वय, कुठला तुकडा आणि दोन वेळा: काढल्याची अन् फॉर्मॅलिनमध्ये पडल्याची. सलाइनमध्ये राहिलं की पेशी नासायला लागतात, त्यातली प्रथिनं बिघडतात, मग पुढच्या महागड्या तपासण्यांवर भरवसा राहत नाही. आमचं अंतर तासाभराचं होतं म्हणून निभावलं. कापूस वेचणीच्या दिवसांत लोक तुकडा दुसऱ्या दिवशी घेऊन येतात, असं त्या म्हणाल्या.

पहिल्या रिपोर्टवर सीआयएन-२, म्हणजे कॅन्सरआधीच्या बिघाडाची मधली पायरी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. सगळं इंग्रजीत. मी शाळेत विज्ञान शिकवते तरी अर्ध्यावर अडकले. जाऊबाई कागद उलटासुलटा करत म्हणाल्या, "कॅन्सर हाय का नाही, तेवढं सांग मले." इथली जमेची बाजू अशी की पॅथॉलॉजिस्ट मॅडम बुधवारी स्वतः येतात आणि पेशंटला आत बोलावून बोलतात. दुसरीकडे कुठं मी हे पाहिलेलं नाही.

मॅडमनी सांगितलं की हा कॅन्सर नाही, पण नेहमीच्या रंगातली स्लाइड बघून एवढं ठरत नाही की हा खरा बिघाड आहे की सुजेमुळे बदललेल्या पेशी तसं सोंग करताहेत. त्यासाठी त्याच तुकड्यावर पी-१६ आणि केआय-६७ ही दोन प्रथिनं बघायची. नवा तुकडा काढावा लागत नाही, तुकडा मेणात बसवलेला ठोकळा, म्हणजे मेणाचा ब्लॉक, नागपूरला जातो. दर आधी कागदावर लिहून दिला. स्वस्त नाही. सोयाबीनचे पैसे हातात आले होते म्हणून जमलं.

पी-१६ म्हणजे काय, हे मी खोदून विचारलं. पेशीची वाढ आवरणारं हे प्रथिन, मग ते जास्त दिसणं वाईट कसं? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ एचपीव्ही विषाणूत आहे, त्यातले १६ आणि १८ हे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के केसेसना कारणीभूत. या विषाणूचं ई-७ प्रथिन पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं, ई-६ हे पी-५३ या दुसऱ्या राखणदार प्रथिनाला संपवतं. पी-१६ चं काम आरबीच्या जोरावर चालतं. आरबी गेलं की पेशी पी-१६ बनवतच सुटते आणि उपयोग शून्य. खुंटाच उपटल्यावर दावं कितीही ओढा, बैल थांबतो थोडाच! म्हणून पी-१६ चा साठा ही विषाणूनं ताबा घेतल्याची खूण.

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं. खालच्या थरापासून पी-१६ नं रंगलेल्या पेशींची सलग तपकिरी पट्टी, मध्ये खंड नाही, निळं फक्त कडेला. अधूनमधून ठिपके असते तर ते धरलं नसतं, सलग पट्टा हवा. केआय-६७ वाढत्या पेशींच्या केंद्रकात उमटतं. ते निरोगी आवरणात तळाशीच असायला हवं, इथं वरपर्यंत चढलेलं. प्रश्नचिन्ह गेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी लीप (विजेच्या तारेच्या फाशानं कापणं) करून तेवढा भाग काढला, आता ठरल्याप्रमाणे तपासण्या.

मला ही लॅब आवडायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. घाबरलेल्या माणसाला इथं तपासण्या विकत नाहीत. बाजारात 'लेडीज कॅन्सर पॅकेज' म्हणून सीए-१२५, सीईए वगैरे रक्तातून करून देतात. मी विचारलं तर मॅडम सरळ म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाचा बिघाड त्यातून शोधत नाहीत, पैसे वाया घालवू नका. एससीसी अँटीजेन रक्तात बघतात, पण ते निदान झालेल्यांवर लक्ष ठेवायला. दरपत्रकावर पीडी-एल-१ या प्रथिनाची तपासणी होती, तीही आमच्यासाठी नाही म्हणाल्या. रोग पसरला किंवा उलटला तर इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं) औषध लागू पडेल का, हे ठरवायला ती लागते. पसरतो कसा, तर पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन प्रथिन कमी झालं की त्या सुटतात आणि ओटीपोटातल्या गाठींकडे निघतात. व्हीईजीएफ हे प्रथिन वाढलं की गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. गिऱ्हाईक हातातून जात असताना एवढं कोण सांगत बसतं!

आता पाचवा तारा. भरल्या खोलीत पोरगा ओरडला, "पिशवीच्या कॅन्सरवाल्या कोण हायेत?" समोर आमच्याच गावचे दोघं शुगर तपासायला बसलेले. जाऊबाईंनी पदर ओढला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. रोगाचं नाव तर चूक होतंच, पण बरोबर असतं तरी असं पुकारायचं? मी तिथंच झापलं, मालक माफी मागून मोकळे झाले. बाईच्या तपासणीला टोकन नंबर द्यायला काय खर्च येतो? शिवाय रिपोर्ट आधी दवाखान्याच्या कंपाउंडरच्या व्हॉट्सॲपवर गेला, आम्हाला नंतर. बायकांसाठी संडास नाही, बसस्टँडवर जावं लागतं.

जाणार असाल तर बुधवारी जा, सकाळी अकराच्या आत. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच घ्या, दवाखान्यानं दिलं नाही तर लॅबमधून फॉर्मॅलिन भरलेली बाटली आधीच घेऊन जा, फुकट देतात. आणि काम झालं की मेणाचा ब्लॉक अन् स्लाइड मागून घ्या, अर्ज लिहून दिला की मिळतात. उद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं झालं तर रिपोर्टचा कागद पुरत नाही. आमचा ब्लॉक कपाटात आहे, उन्हाळ्यात मेण मऊ पडतं म्हणून माठाजवळच्या थंड फडताळात हलवणार आहे.