राजारामपुरीतील कोकणी जिन्नसांचे दुकान: बांगड्याच्या कालवणापुरता अभिप्राय

रत्नागिरी आणि मालवणच्या बाजूचा मासा आंबा, फोंडा आणि गगनबावड्याच्या घाटांतून कोल्हापुरात नियमित येतो. अडते ते कालवणाच्या बाकीच्या साहित्यापाशी. राजारामपुरीतील या लहानशा दुकानाने ती अडचण बरीचशी दूर केली आहे. येथून नेलेला मालवणी मसाला, तिरफळे आणि आमसुले वापरून मी घरी बांगड्याचे कालवण करते, आणि हा अभिप्राय त्या कालवणापुरताच आहे.

प्रथम मसाल्याविषयी. आपल्या कोल्हापुरात कोणत्याही रश्श्यासाठी हात आपसूक चटणीच्या, म्हणजे मसाला घातलेल्या तिखटाच्या, डब्याकडे जातो. कांदा, लसूण, सुके खोबरे आणि तीळ घालून केलेली ती चटणी मटणाला शोभते, कारण मटण तासभर शिजते आणि तिचा जोर पचवते. बांगडा मात्र उकळत्या रश्श्यात सात-आठ मिनिटांत शिजतो, आणि एवढ्या अवधीत चटणीचा लसूण आणि वरची तर्री माशाची चव झाकून टाकतात. या दुकानाच्या मालवणी मसाल्यात धणे आणि बडीशेप पुढे आहेत, दगडफूल मागे आहे, आणि सर्व जिन्नस नीट भाजून दळलेले असल्यामुळे मसाला ओल्या खोबऱ्याच्या वाटणात घालून थेट शिजवला तरी कच्चट वास येत नाही. रंग ब्याडगी मिरचीचा, गडद पण भडक नव्हे. तिखटपणा कोल्हापूरकरांना कमी वाटेल. तो वाढवायचा असल्यास वाटणात एखादी जास्त मिरची घ्यावी, मसाला वाढवू नये, नाहीतर बडीशेप डोके वर काढते.

तिरफळांसाठी मात्र मी या दुकानाला मनापासून धन्यवाद देते. तिरफळ म्हणजे मसाल्याचे एक लहान फळ: वाळून उकललेले, बाहेरून खरखरीत तपकिरी टरफल आणि त्याच्या पोटात चकचकीत काळी बी. वास आणि जिभेला येणारी ती हलकी झिणझिणी टरफलात असते. बी कडवट आणि कचकचीत लागते. अनेक ठिकाणी बियांसकट माल विकला जातो आणि वजनात निम्मा कचराच पदरात पडतो. येथे टरफले निवडलेली मिळतात, चुकून एखादी बी राहिलेली असते. गल्ल्यावरच्या मावशी पुडी बांधताना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला बजावतात, “ताई, वाटू नका हं, नुसती ठेचा आणि पाण्यात टाकून ठेवा.” हा सल्ला तंतोतंत पाळावा. चार बांगड्यांना आठ-दहा तिरफळे पुरेशी होतात. पापलेटासारख्या नाजूक माशाला ती लागत नाहीत. बांगडा, तारली अशा तेलकट माशाचा उग्रपणा मात्र तिरफळच आवरते.

आमसुले मऊ, बोटांना किंचित चिकटणारी आणि काळसर जांभळी आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचा खास माल अशी अधिकृत ओळख, मिळाले, त्यामुळे माल नेमका कोणत्या गावचा हे पाकिटावर लिहिलेले असते तर बरे झाले असते. आमसुलांना मिठाचा हात लागलेला असतो, म्हणून रश्श्याचे मीठ आमसुले घातल्यानंतरच पुरे करावे.

मसाल्याच्या पाकिटामागे छापलेली कृती मात्र बदलायला हवी. तीत तेलात फोडणी करून, आमसुले सुरुवातीलाच घालून, रस्सा चांगला खळखळू देण्यास सांगितले आहे. तसे केल्यास आंबटपणा वर चढतो, रंग काळवंडतो आणि ओल्या खोबऱ्याचा रस्सा फुटतो. फोडणी वगळून वाटण, तिरफळे आणि पाणी एकत्र उकळावे, एक उकळी आली की आच मंद करून बांगडे सोडावेत, आमसुले शेवटी घालावीत, आणि डाव न फिरवता भांडे दोन्ही हातांनी धरून हलवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. उतरवल्यावर वरून चमचाभर खोबरेल घातले की कालवणाला किनारपट्टीचा खरा वास येतो.

पाकिटावर दळल्याची तारीख नाही, ही दुसरी उणीव. दुकानाची उलाढाल चांगली असल्याने आजवर शिळा माल मिळालेला नाही, तरी मोठे पाकीट घेण्याऐवजी लहान घ्यावे. उकडा तांदूळही येथे मिळतो आणि या कालवणाबरोबर तोच घ्यावा. किमती मंडईपेक्षा थोड्या जास्त आहेत, पण निवडलेल्या तिरफळांसाठी मला त्या रास्त वाटतात.